चॅटबॉट हसत नाही!

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि तेव्हापासून इंग्रजीच्या बाबतीत विद्यार्थ्यांत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, चॅटबॉटने इंग्रजी सुधारतं. दुसरा म्हणतो, डोकं गंजतं!

आमच्या होस्टेलवर त्याचा जास्त वापर मराठी माध्यमातून आलेल्या मुली करतात. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे या मुली चांगली बारा वर्षं इंग्रजी शिकून आल्यात. पॅसिव्ह व्हॉइस तर माझ्यापेक्षा पटकन करतात! (आम्ही कॉन्व्हेंटवाले कानाला बरं वाटतं म्हणून लिहितो, नियम विचारला की गप्प.) पण ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडायचं म्हटलं की सगळं घशात अडकतं. चूक झाली आणि कोणी हसलं तर? चॅटबॉट हसत नाही. रात्री दोनला तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी वैतागत नाही.

पण गंमत पुढे आहे. एका मैत्रिणीने टाइप केलं, 'आय अ‍ॅम स्टेइंग हिअर फ्रॉम टू इयर्स.' उत्तर आलं, 'आय हॅव बीन स्टेइंग हिअर फॉर टू इयर्स.' तिने ते कॉपी केलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी बोलताना पुन्हा 'फ्रॉम टू इयर्स'! कारण मनात वाक्य मराठी होतं, 'दोन वर्षांपासून राहते आहे'. 'पासून'चं झालं फ्रॉम, 'राहते आहे'चं अ‍ॅम स्टेइंग. आपल्याकडे तिथे साधा चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला परफेक्ट लागतो. 'डिस्कस अबाउट'चंही तेच, 'विषयी' आपण सोबत घेऊन जातो. आणि 'अ', 'द' मराठीत नाहीतच, मग ते गळणारच ना!

म्हणून आता आम्ही लिहितो, 'दुरुस्त करू नकोस, चूक कुठल्या शब्दात आहे तेवढंच सांग.' वाक्य तिचं तीच दुरुस्त करते. वेळ जातो, पण लक्षात राहतं. नियम मात्र रेन अँड मार्टिनमध्ये बघून घ्यावा. चॅटबॉट पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने लिहितो, त्यामुळे कधीकधी चुकीचा नियमही छातीठोकपणे सांगतो.

शिवाय तो आपलं बोलणं संपेपर्यंत थांबतो. जीडीत आठजण एकदम बोलतात, तिथे कोण थांबणार? त्यासाठी दर गुरुवारी जेवण झाल्यावर मेसमध्ये आम्ही पाचजणी इंग्रजीत भांडतो. कॉन्व्हेंटवालीने हसायचं नाही, हा तिथला एकमेव नियम.