नांगराला तरवा कळत नाही

कर्ली नदीकाठच्या वालावल गावातली भातशेती डोळ्यांसमोर आणा. मेरांनी, म्हणजे बांधांनी, कुणगे वेगळे केलेले असतात. एका कुणग्यात तरवा, म्हणजे लावणीची रोपे, बाकीचे नांगरायचे. तरवा कोठे आहे हे नांगराला कळत नाही. नांगरणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते.

संगणकाच्या डिस्कचेही असेच भाग असतात. त्यांच्या सीमा डिस्कवरच एका तक्त्यात नोंदलेल्या असतात. नवी कार्यप्रणाली बसवताना हा तक्ता बदलू शकतो. मग जुन्या माहितीचा ठावठिकाणा हरवतो आणि तिच्या जागी नवी माहिती लिहिली जाऊ लागते.

कार्यप्रणालीने आपल्याला वेळीच सावध करू नये काय? ती करते. सी-डॅकने २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. डेबियन बसवताना डिस्कवर नवे भाग पाडण्यापूर्वी बदलांची यादी दाखवली जाते, ‘हे बदल लिहायचे का?’ असे विचारले जाते आणि ‘नाही’ हे उत्तर आधीच निवडून ठेवलेले असते. रचनाकाराने आपले कर्तव्य केले.

परंतु त्या भागातले आजीचे एकुलते एक छायाचित्र किती मोलाचे, हे यंत्राला कसे कळावे? ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून आधी माहितीची प्रत घ्या, ती उघडून तपासा आणि यादी वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणू नका.

आता सांगा पाहू : ती प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवली, तर चालेल का?