वही शेजारी ठेव

तुझी यादी वाचली. ग्राफिक्स कार्ड, चौदा खंडांची कादंबरीमालिका, रास्पबेरी पाय, थ्रीडी प्रिंटर. पहिल्या पगाराचा उत्साह दिसतोय. यातल्या कशालाच माझी हरकत नाही, फक्त सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू त्यात राहून गेली आहे: शंभर पानी वही आणि पेन्सिल. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढलेल्या बाईला प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर लागतं, असं तुझा बाबा म्हणतो. म्हणू दे. हल्ली मला जे मनापासून आवडलं, मग तो खेळ असो, पुस्तक असो की तारांचा उद्योग, त्यात एक खूण सारखी सापडते. पडद्यावरच्या योद्ध्याची नुसती तलवार मोठी होत गेली की मला जांभया येतात. माझ्या स्वतःच्या डोक्यात भर पडायला लागली की मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

म्हणून खेळांत पहिला नंबर ‘आउटर वाइल्ड्स’चा. 2019 साली आला. एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून उगवलेला खेळ आहे. छोटीशी सूर्यमाला, तुझं लाकडी फळ्यांचं यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. मग तू पुन्हा शेकोटीपाशी जागा होतोस. यानाला नवं इंजिन मिळत नाही, अंगात शक्ती येत नाही. सुरुवातीला जे हातात असतं, जवळजवळ तेवढ्यावरच शेवट गाठता येतो. वाढतं ते फक्त तुला काय ठाऊक आहे तेवढंच. यानातला संगणक नोंदी ठेवतो, तरी ग्रहांची चित्रं वहीत स्वतः काढ. कुठल्या मिनिटाला कुठे काय घडतं ते लिही. त्यात जुळे ग्रह आहेत, एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर ओतली जात असते. म्हणजे एकीकडे लवकर पोचलं पाहिजे आणि दुसरीकडे थोडं थांबून. आणखी एक ध्यानात ठेव: ऑटोपायलट लावण्याआधी खिडकीतून बघ, मधे सूर्य आहे का. तो बिचारा सरळ रेषेत जातो, सूर्य असला तरी. उत्तरं मात्र इंटरनेटवर शोधू नकोस. हा खेळ माणसाला आयुष्यात एकदाच खेळता येतो, कारण कळलेलं पुन्हा न कळलेलं करता येत नाही.

तसाच ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. लुकस पोप नावाच्या गृहस्थाने जवळजवळ एकट्याने बनवून 2018 मध्ये आणला. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज 1807 साली रिकामं परत येतं. विमा उतरवणाऱ्यांच्या वतीने तू चढतोस आणि साठ माणसांचं काय झालं ते हुडकतोस. चित्रं दोनच रंगांत. तीन जणांचं नाव आणि गत बरोबर लिहिली की मगच खेळ त्यांवर शिक्कामोर्तब करतो, त्यामुळे अंदाज ठोकून भागत नाही. खलाशांच्या यादीत नावापुढे हुद्दा आणि मुलूख लिहिलेला असतो. त्यात आपल्याकडचेही खलाशी आहेत. यादी पाठ होईपर्यंत वाच. मेलेल्या माणसाकडे बघताना त्याच्या मागे कोण उभा आहे, पायात काय घातलंय, कोण कुणाबरोबर जेवायला बसलाय, तिकडे जास्त बघ. आपल्याकडे लग्नाचे अल्बम बघताना बायका नातेवाईक ओळखतात ना, अगदी तेच कसब इथे लागतं.

हाताच्या चपळाईचे खेळ मी टाळत नाही, पण त्यांची पद्धत वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या ‘टीम चेरी’चा ‘हॉलो नाइट’ 2017चा. त्यात नकाशासुद्धा फुकट मिळत नाही. आधी तो विकणारा शोधायचा, मग लेखणी विकत घ्यायची, आणि बाकावर टेकल्याशिवाय नवी जागा नकाशावर उमटत नाही. मला हे फार आवडलं. फिरणाऱ्याने बसून लिहिलं पाहिजे, असं खेळच सांगतो. मोठ्या शत्रूपुढे जाताना खिशात पैसे घेऊन जाऊ नकोस, आधी दुकानात खर्च करून टाक. मेलास तर पैसे तिथेच राहतात, आणि परत घ्यायला जाताना दुसऱ्यांदा मेलास तर गेलेच. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर 2025 मध्ये आला. सुंदर आहे, पण जहाल आहे. एकच शत्रू ओळीने तुला लोळवत असेल तर हट्टाने तिथेच डोकं आपटू नकोस, दुसऱ्या वाटेने फिरून ये. अंगठे दुखले की बंद कर. माझ्या वयात हे अंगठेच सांगतात, तुला घड्याळ लावावं लागेल.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ही जमल्यास खेळ. 2020चा, छोटा, थोड्या संध्याकाळींत संपणारा. लढाया जरा एकसुरी वाटतात, पण राजवाड्यांच्या भिंती आणि भित्तिचित्रं बघण्यासारखी आहेत, आणि दुर्गा व विष्णू कथा सांगताना एकमेकांना कोपरखळ्या मारतात ते ऐकण्यासारखं.

खरेदीबद्दल थोडंच. स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून सेलमध्ये पाच खेळ एकदम उचलू नकोस. घेतलेले खेळ पडून राहिले की मुदत उलटते. आणि लक्षात घे, तिथे तू खेळ विकत घेत नाहीस, खेळण्याचा परवाना घेतोस. जो खेळ जन्मभर जवळ हवा असेल तो गॉग नावाच्या ऑनलाइन दुकानात मिळतो का बघ. तिथली इन्स्टॉलरची फाइल उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते.

आता पुस्तकं. ती चौदा खंडांची ‘व्हील ऑफ टाइम’ सध्या राहू दे. वाईट नाही, पण मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. एवढा पल्ला गाठायला आधी दमसास लागतो. तो कमवायचा तर उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घे. 1968चं, बारीकसं पुस्तक. बाईंनी आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली. तो नकाशा तूही वहीत उतरवून घे, आणि नायक गेडची होडी कुठून कुठे गेली ते पेन्सिलीने दाखवत जा. प्रवास मग डोळ्यांपुढे राहतो. त्या जगात वस्तूचं खरं नाव माहीत असणं हीच जादू. शिकाऊ जादूगार एकांतात बसून नावांच्या याद्याच्या याद्या पाठ करतात. हे वाचताना मला आमची जुनी डिरेक्टरी आठवली, आणि हसू आलं.

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डची एक्केचाळीस पुस्तकं आहेत. पहिल्यापासून सुरू करणारे बरेच जण तिसऱ्यावर थांबतात. तू 1989चं ‘गार्ड्स! गार्ड्स!’ उचल. तळटिपा गाळू नकोस, निम्मी गंमत तिथेच दडलेली असते. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला, सहाव्याची जगभर वाट पाहणं चालू आहे. अशा मालिकेत शिरताना एवढंच ठरव, की हातातला खंड वाचण्याचं सुख हाच व्यवहार. पुढचं मिळालं तर वरकमाई.

पण माझं सगळ्यात लाडकं सांगू? सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’, 2020चं. अंत नसलेल्या दालनांचं एक घर, भिंतींना पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र. तिथे राहणारा माणूस रोज नोंदी करतो, भरतीची वेळापत्रकं मांडतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या वह्यांची सूची ठेवतो. त्या सूचीमुळे पुढे काय होतं ते सांगणार नाही. वाचून झाल्यावर तू स्वतः वहीला मागच्या पानावर सूची करशील, एवढी पैज लावते.

राहता राहिल्या तारा. रास्पबेरी पायला फोनचा कुठलाही चार्जर लावू नकोस. पाय 4ला पाच व्होल्ट, तीन अँपिअर लागतात. पाय 5साठी पाच अँपिअरचा अडॅप्टर सांगतात. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकलं की समज, वीज कमी पडतेय. आपल्याकडे दिवे जातात तेव्हा मेमरी कार्डावर लिहिणं अर्धवट राहून ते बिघडू शकतं. छोटा यूपीएस लाव आणि कार्डाची एक प्रत काढून ठेव. पहिलं काम जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलचं कर. घरातल्या सगळ्या फोनांवरच्या बऱ्याच जाहिराती गायब होतात. यूट्यूबच्या नाही होत, बाबाला आधीच सांगून ठेव. राउटरमध्ये पायचा पत्ता पक्का कर आणि तो वहीत लिही. कोणती कमांड दिली, त्याआधी काय होतं, कधी बदललं, हेही. सहा महिन्यांनी ते आठवत नाही, कुणालाच.

डाख देताना कथील आधी वितळवून वरून टिपकवायचं नाही. खालचा पॅड आणि पिन दोन्ही तापव, मग तार तिथे टेकव. कथील आपोआप धावतं. 63/37ची तार घे, ती 183 अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, मधे लगद्यासारखी राहत नाही. बहुतेक कामाला सोल्डरिंगची इस्त्री साडेतीनशे अंशांच्या आसपास पुरते. टोक नेहमी कथलाने ओलं ठेव, काळं पडलं की उष्णता पुढे जात नाही. खिडकी उघडी हवी, आणि नंतर हात साबणाने धू, त्यात शिसं असतं. एक्स्चेंजातल्या तारांच्या मुख्य चौकटीवर, म्हणजे एमडीएफवर, जंपर जोडताना आम्ही हे सगळं चहा पीत पीत करायचो. तू करू नकोस.

गच्चीवरच्या टाकीची पातळी फोनवर दिसावी म्हणून ईएसपी32 आणायचं तुझ्या मनात आहे. आण, पण पाच व्होल्टचा सेन्सर त्याच्या पिनेला थेट जोडू नकोस, त्याला 3.3च सोसतात, मधे दोन रेझिस्टर घाल. आणि मोटर बंद करण्याचं काम साध्या फ्लोट स्विचवरच ठेव. वायफाय गेलं तरी पाणी वाहून जाता कामा नये. थ्रीडी प्रिंटर मात्र दिवाळीनंतर. पावसाळ्यात प्लास्टिकची तार ओल धरते, नवशिक्याला वाटतं यंत्रच बिघडलं. घेतलास तर तार हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव.

या शनिवारी तापकीर गल्लीत जाणार असशील तर एवढंच आण: कंटिन्युटीला बीप वाजवणारा मल्टिमीटर, पितळी चोथा आणि फ्लक्सची डबी. इस्त्री, चिमटे, तारा कापायचा कटर माझ्याकडे आहे, ते पुन्हा विकत घेऊ नकोस.