साखर की माल्ट?

एक्सचेंजला बेल्जियममध्ये लूव्हेनला असताना रूममेटबरोबर ट्रिपेल बिअरचा किट लावला. दीड किलो माल्टच्या पाकात एक किलो साखर घातली. महिनाभर वाट पाहिली आणि बिअर निघाली पाणचट!

चूक कुठे झाली? हायड्रोमीटर सुरुवातीला साखर आणि कोरडं माल्ट जवळजवळ सारखंच दाखवतो. पण यीस्ट साखर पूर्ण फस्त करतं, माल्ट साधारण पाऊणच. उरलेल्या पावामुळेच बिअरला अंग येतं.

पुढच्या वेळी ३०० ग्रॅम साखर आणि ७०० ग्रॅम कोरडं माल्ट घातलं. साखरेचा वाटा १०-२० टक्क्यांत ठेवला की ट्रिपेल हलकी लागते, पाणचट नाही. महागडी पांढरी कँडी शुगर म्हणजे शेवटी साखरच, त्यामुळे साधी चालते.

(रेक्टर सर, हे सगळं तिकडेच केलं हं!)