दिवाडी बेट : देवाचे मूळस्थान व नवे स्थान

गोव्यातील देवस्थानांच्या दर्शनास येणारे भाविक कार्यालयात पावती घेताना एक प्रश्न हमखास विचारतात : "हा देव मूळचा येथलाच का?" मुंबई, बेळगाव, कारवार येथून कुलदेवतेच्या भेटीस येणाऱ्या कुळावी मंडळींना तर या प्रश्नाची विशेष ओढ असते. गोव्यातील अनेक दैवते मूळ गाव सोडून नदीपलीकडे आलेली आहेत. हा इतिहास एका लहानशा बेटाच्या आधारे समजून घेता येतो. ते बेट म्हणजे तिसवाडी तालुक्यातील मांडवी नदीने वेढलेले दिवाडी.

बेटाचा परिचय

जुन्या ग्रंथांत या बेटाचा उल्लेख 'दीपवती' असा येतो. आजही जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तिन्ही बाजूंनी फेरीबोटीने बेटावर जाता येते. पियेदाद, मालार, गोलती, नावेली, नार्वे ही येथील गावे. सखल भागात खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध आणि पाण्याची ये-जा नियंत्रित करणारी 'मानस' यांवर ही शेती उभी आहे. बांध फुटला तर कोणा एकाचे नव्हे, साऱ्या गावाचे पीक जाते. त्यामुळे बांधाची राखण ही गावकरीची सामाईक जबाबदारी असे. देवालयाची व्यवस्थाही याच गावकरीकडे असे. शेत, बांध आणि देऊळ ही तिन्ही एकाच व्यवस्थेची अंगे होती, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

श्रीसप्तकोटेश्वर

सप्तऋषींनी सात कोटी वर्षे तपश्चर्या केल्यावर भगवान शंकर येथे प्रकट झाले, अशी आख्यायिका आहे. ऐतिहासिक काळात हे दैवत गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत होते. सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाने राज्य लाभले, या अर्थाचे बिरुद त्यांनी आपल्या नाण्यांवरही कोरविले. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत हे देवालय उद्ध्वस्त झाले. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुनःस्थापना केली.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे जिंकले. सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडीतील देवालये पाडली गेली. त्या वेळी भाविकांनी श्रींचे लिंग नदीपार डिचोली प्रांतात, पोर्तुगीज सत्तेच्या बाहेर नेले. नवे स्थान नदीच्या दुसऱ्या तीरावरच वसले आणि त्यासही नार्वे हेच नाव राहिले. बेटावरील श्रीगणपतीही असाच स्थलांतर करीत अखेरीस खांडोळे येथे स्थिरावला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्वे येथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. दि. १३ नोव्हेंबर १६६८ रोजी हे कार्य आरंभिल्याचा शिलालेख देवालयाच्या द्वारावर आहे. अलीकडे गोवा शासनाने या वास्तूचे जतनकार्य केले व फेब्रुवारी २०२३ मध्ये देवालय पुनश्च भाविकांसाठी खुले झाले.

मागे राहिलेले गाव

देव नदीपार गेला. परंतु सारे गाव गेले नाही. जमीन, बांध आणि घर सोडणे ज्यांना शक्य झाले नाही, ते मागे राहिले व त्यांतील पुष्कळांनी धर्मांतर केले. कोणी श्रद्धेने, कोणी भयाने, कोणी शेत वाचविण्यासाठी. प्रत्येकाचे अंतःकरण आज आपण वाचू शकत नाही. पियेदाद येथील टेकडीवर उभे असलेले चर्च हे आज बेटावरील मोठे उपासनास्थान आहे.

तथापि उपासनेचे जुने वळण पुरते पुसले गेले नाही. ऑगस्टमध्ये भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये अर्पण करून 'कणसांचे फेस्त' साजरे होते. चतुर्थीच्या सुमारास हिंदू घरांत 'नवें' होते, तेव्हा हीच लोंबी देवापुढे ठेवून दारास बांधतात. प्रार्थनेची भाषा वेगळी, परंतु धान्य तेच व बांधही तोच. त्याच महिन्यात होणाऱ्या 'बोंदेरा' उत्सवातील निशाणे गावांच्या जुन्या सीमावादांची आठवण देतात. एके काळी ज्यावरून भांडणे होत, त्यावर आज सारे बेट एकत्र येऊन हसते.

यात्रेकरूंनी काय ध्यानी घ्यावे

मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळू. देव मूळचा कोठला? शास्त्रदृष्ट्या जेथे प्राणप्रतिष्ठा व नित्य पूजा आहे, तेथे देवाचे सान्निध्य आहे. म्हणून नव्या स्थानास दुय्यम समजण्याचे कारण नाही. ज्यांनी रात्री-अपरात्री मूर्ती व लिंगे नदीपार नेली, त्यांनी दगडाचे देऊळ वाचविले नाही, पूजेची परंपरा वाचविली. आजच्या दात्याची समई व नैवेद्याची देणगी त्याच परंपरेत जमा होते.

मात्र मूळस्थानी जाणाऱ्या भाविकाने तेथे वारसदाराच्या तोऱ्यात नव्हे, पाहुण्याच्या नम्रतेने जावे. बेटावरील जुन्या कोटितीर्थ तळीचे अवशेष पाहावेत, हात जोडावेत. तेथील दगड 'प्रसाद' म्हणून उचलू नयेत. चर्चच्या आवारात पादत्राणे, पोशाख व शांतता यांबाबत तेथील नियम पाळावेत. भेटणाऱ्या ग्रामस्थास त्याच्या पूर्वजांविषयी दूषण देऊ नये. आपले व त्याचे पूर्वज कदाचित एकाच बांधावर उभे होते. एकाने देव सांभाळला, दुसऱ्याने भूमी सांभाळली.

नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचते. दर्शन झाल्यावर सवड असल्यास भाविकांनी हे अंतर एकदा अवश्य पार करावे, अशी नम्र सूचना आहे.