आंबेनळी घाटाचा रस्ता

महाबळेश्वरहून कोकणात उतरणाऱ्या एस. टी.त तुम्ही कधी बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. समोर खाली खोऱ्यातले गाव स्पष्ट दिसते. एखादा धोंडा लोटून दिला तर तो थेट त्या गावात जाईल असे वाटते. पण आपली गाडी मात्र डोंगराच्या अंगाला धरून कधी उजवीकडे, कधी डावीकडे अशी जाते, पुन्हा मागे फिरते, आणि ते गाव अर्ध्या तासानेही तेवढेच दूर राहते. इतका लांबचा फेरा रस्ता का घेतो? बांधणाऱ्यांना सरळ वाट सुचली नाही, असे तर नव्हे?

आपण ज्या रस्त्याबद्दल बोलत आहोत तो महाबळेश्वर ते पोलादपूर हा राज्यमार्ग. लांबी जेमतेम ४० किलोमीटर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच, तर पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे ४० किलोमीटरमध्ये हा रस्ता सुमारे १,३०० मीटर उतरतो. भागाकार करून पाहा. सरासरी उतार ३० मीटरला सुमारे १ मीटर असा येतो. हे काही भयंकर वाटत नाही. पण सरासरी कधी कधी फसवते. पोलादपूरकडचा बराच भाग खोऱ्यातून जवळजवळ सपाट जातो. खरी उतरण दोन टप्प्यांत आहे. पठाराच्या कड्यावरून वाडा-कुंभरोशीच्या खिंडीपर्यंत पहिला टप्पा, आणि तेथून सावित्रीच्या खोऱ्यात दुसरा. या दुसऱ्या टप्प्याला आंबेनळी घाट म्हणतात.

ही खिंड मोठी मौजेची जागा आहे. तिच्या एका अंगाला पडलेले पावसाचे पाणी कोयनेत जाते. पुढे ते कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचते. दुसऱ्या अंगाचे पाणी सावित्रीला मिळून बाणकोटजवळ अरबी समुद्रात जाते. समुद्र तिकडून एवढा जवळ! दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तरी एकाचा प्रवास दुसऱ्याच्या कित्येक पट लांब होतो.

अशी खिंड वाटसरूंना फार जुन्या काळापासून ठाऊक असणारच. सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत गलबते येत. तेथून मीठ वर देशावर जाई आणि देशावरचे धान्य खाली येई. ही ने-आण बैलांच्या पाठीवर गोण्या लादून होत असे. खिंडीच्या दक्षिणेस कोयनेच्या खोऱ्यात पार नावाचे गाव आहे. वाईहून येणारी जुनी वाट तेथे उतरे. तिच्यावरच्या एका चढाला लोकांनी रडतोंडीचा घाट असे नाव दिले आहे, त्यावरून चढणाऱ्याचे काय होत असेल ते समजावे! या वाटांवर नजर राहावी म्हणून शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोरोपंत पिंगळे यांच्याकडून प्रतापगड बांधवून घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट झाली ती याच गडाच्या पायथ्याशी.

लादलेला बैल अवघड चढही चढतो. पाय रोवायला जागा मिळाली की झाले. गाडी ओढणाऱ्या बैलाची गोष्ट निराळी. समजा, मालासकट गाडीचे वजन १,००० किलो आहे. चढ ५ मीटरला १ मीटर असेल, तर चाकांच्या घर्षणाशिवाय केवळ चढासाठी वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणजे २०० किलो वजनाइतका जोर लागेल. चढ २० मीटरला १ मीटर असेल, तर लागेल ५० किलोंइतका. तेवढा जोर बैलजोडीला झेपतो. पण जोर कमी हवा तर वाट लांब हवी. ५०० मीटर उंची १:२० या चढाने गाठायची तर १० किलोमीटर रस्ता लागतो. डोंगराचा पायथा जर दोनच किलोमीटरवर असेल, तर उरलेले आठ किलोमीटर डोंगराच्या अंगावरच वळणे घेऊन जिरवावे लागतात. गाडीतून दिसणाऱ्या गावाचे कोडे येथे सुटते.

१८२९ साली महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसले आणि गाडीरस्त्याची निकड वाढली. आंबेनळीतून काढलेल्या रस्त्याला इंग्रजांनी फिट्झजेराल्ड घाट असे नाव दिले. सर सेमूर फिट्झजेराल्ड हे १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्या काळी मोटार नव्हती, हे विसरू नका. आज मालमोटारी ज्या वळणांवरून जातात, त्यांचा आराखडा बैलांचा आणि घोड्यांचा विचार करून आखलेला आहे. गंमत अशी की, डोंगरी रस्त्यांसाठी भारतात आजही १:२० हाच सर्वसाधारण चढ धरतात. एकदम मागे फिरणाऱ्या वळणावर तर चढ आणखी कमी, १:४० पर्यंत ठेवतात. कारण वळताना गाडीचा काही जोर वळण्यातच खर्च होतो.

येथवर सारे गणिताप्रमाणे झाले. पण वळणांसाठी डोंगराचे अंग जागोजाग कापावे लागते, आणि तेथे दुखणे सुरू होते.

सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबडा मातकट थर असतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर सच्छिद्र जांभा आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून आणि खडकाच्या भेगांतून खाली मुरते, तांबड्या थराशी अडते आणि आडवे वाहून उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उतारावर माती आणि सुटे धोंडे असतात. कण एकमेकांवर घट्ट दाबलेले असल्यामुळे घर्षणाने ती जागेवर राहते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते. घर्षण घटते, वजन मात्र वाढलेले असते. त्यात रस्त्यासाठी उताराचा पायाच कापलेला! मग सारा ढिगारा खाली येतो. यालाच आपण दरड कोसळणे म्हणतो.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९ सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. पुण्याला वर्षभरात सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर पडतो! आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, काही ठिकाणी रस्ताच खचून गेला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. त्याच दिवशी शेजारच्या महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथे दोष रस्त्याचा नव्हता. पण पाण्याने भरलेला उतार काय करू शकतो, ते त्यावरून कळते. अशा वेळी घाटातल्या वाड्यांमध्ये रुग्णाला दवाखान्यात न्यायचे तर चालण्यावाचून उपाय उरत नाही. पुढच्या पावसाळ्यांतही हा घाट अधूनमधून बंद ठेवावा लागला.

म्हणून घाटरस्त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता असे विचाराल, तर मी डांबराकडे बोट दाखवणार नाही. डोंगराच्या बाजूचे गटार आणि रस्त्याखालून जाणारी मोरी यांच्याकडे दाखवीन. गटार पालापाचोळ्याने बुजले, की पाणी रस्त्यावर येते, दरीकडची कड कुरतडते आणि भराव पोखरते. संरक्षक भिंतीतही ठरावीक अंतरावर भोके ठेवलेली असतात. ती सजावटीसाठी नव्हेत. भिंतीमागचे पाणी त्यांतून निघून गेले नाही, तर त्याच्या दाबाने भिंतच कोसळेल.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. एक मीटर लांबीच्या फळीचे एक टोक ५ सेंटिमीटर उचला. हा झाला १:२० चा चढ. चाकांच्या खेळण्यातल्या गाडीला स्प्रिंगकाटा अडकवून ती हळूहळू वर ओढा आणि काटा काय दाखवतो ते लिहा. मग टोक २० सेंटिमीटर उचलून तेच करा. आणि पुन्हा घाटातून जाल तेव्हा खिडकीतून मोऱ्या मोजा. पावसाळ्यापूर्वी त्यांतल्या किती साफ केलेल्या दिसतात, तेही टिपून ठेवा.