पिशवी काढण्यापूर्वी

कोटरा सुल्तानाबाद व आसपासच्या वस्तीतील आपल्या भगिनी दवाखान्याचे कागद घेऊन आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "डॉक्टर म्हणतात, बच्चेदानी काढून टाका. काढू का?" घरात आपण जिला पिशवी म्हणतो, तिलाच भोपाळात बच्चेदानी म्हणतात, गाठीला रसौली आणि अंगावरून पांढरे जाण्याला सफेद पानी. शब्द परका असला की माणूस बिचकतो, आणि बिचकलेला माणूस प्रश्न विचारीत नाही, नुसती मान हलवितो. यास्तव महोत्सवाच्या या स्मरणिकेत चार गोष्टी सोप्या भाषेत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पिशवी आणि बीजकोष

गर्भाशय ही साधारण मुठीएवढी स्नायूंची पिशवी होय. दरमहा तिचे आतील अस्तर गळून पडते, तीच पाळी. पिशवीच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढे दोन बीजकोष असतात. त्यांतून पाझरणारे रस स्त्रीची हाडे व हृदय यांचेही रक्षण करतात. पिशवी काढली म्हणजे पाळी व गर्भधारणा थांबते. परंतु पाळी जाण्याच्या वयापूर्वी दोन्ही बीजकोषही काढले, तर ऋतुनिवृत्ती एकदम ओढवते. अंगातून वाफा निघू लागतात व पुढे हाडे ठिसूळ होतात. पिशवी आणि बीजकोष या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

नेहमीच्या तक्रारी

थोडे पांढरे जाणे स्वाभाविक असते. खाज, दुर्गंधी किंवा रंगात बदल असेल तर जंतुसंसर्ग समजावा. तो औषधाने बरा होतो. कधी पतीलाही औषध घ्यावे लागते. एवढ्यासाठी पिशवी काढण्याचे कारण नाही.

पाळी सात दिवसांहून अधिक चालली किंवा गाठी पडू लागल्या, तर प्रथम रक्त तपासावे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो पंडुरोग होय. थायरॉईड व सोनोग्राफी या तपासण्याही कराव्यात. लोहाच्या व रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात; तांबीसारखे पिशवीत बसविण्याचे, औषध सोडणारे साधनही मिळते, व ते काही वर्षे उपयोगी पडते.

रसौली म्हटले की कर्करोगच, असे अनेकींना वाटते. या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात व पाळी गेल्यावर सहसा आक्रसतात. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवावे. मूल हवे असेल तर पुष्कळदा केवळ गाठ काढता येते.

अंग बाहेर येत असेल तर आरंभी व्यायाम व आधाराची रिंग यांनी भागते. पिशवी शाबूत ठेवून वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही आहे. गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावाने ती ओळखली जाते. वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखास घालण्याचा जो टाका त्यांनी १९५५ साली जगापुढे मांडला, तोही त्यांच्याच नावाचा.

क्युरेटिंग म्हणजे अस्तर खरवडून काढणे. ते बहुधा थोड्या वेळाच्या भुलीत होते. काढलेला अंश तपासणीस पाठविला की नाही, हे विचारून अहवाल मागून घ्यावा.

तथापि शस्त्रक्रिया नेहमीच टाळावी, असे आमचे म्हणणे नाही. कर्करोग, कशानेही न थांबणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी अशा वेळी ती प्राण वाचविते. पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. त्रास नसला तरी तीस ते पासष्ट या वयात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. सरकारी योजनेत तिची सोय आहे.

बीडचा धडा

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार भगिनींची कहाणी २०१९ साली साऱ्या देशापुढे आली. एक दिवस कामाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीची कटकटच नको या विचाराने, आणि कर्करोगाच्या भीतीने, कित्येकींनी ऐन तारुण्यात पिशवी काढून टाकली. त्या वर्षीच्या सरकारी पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सहांत जवळजवळ एकीची. तेथे खाड्याची भीती होती, आपल्याकडे "आता मुले झाली, तिचे काय काम?" हे वाक्य असते. परिणाम एकच.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की, एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेस लागू होत नाही. आणि सज्ञान स्त्रीची संमती, जिवाला तातडीचा धोका नसता, तिच्या वतीने आईनेही देऊन चालत नाही. २०२३ साली त्याच न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास राज्यांना सांगितले.

विचारावयाचे प्रश्न

सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न अवश्य विचारावेत : माझ्या रोगाचे नाव काय? औषधाने प्रयत्न झाला का? तपासणीचा कागद काय सांगतो? बीजकोष ठेवणार की काढणार? चार महिने थांबल्यास काय बिघडेल? उत्तराने समाधान न झाल्यास जयप्रकाश रुग्णालय, हमीदिया किंवा साकेत नगरचे एम्स येथे दुसरे मत घ्यावे. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर असे विचारणाऱ्या रुग्णावर रागावत नाही.

घरातील पुरुषांनाही आमची विनंती आहे की, दवाखान्यात बाहेरच्या बाकावर न बसता आत जाऊन पत्नीशेजारी बसावे आणि सारे ऐकून घ्यावे. निर्णय मात्र तिचा तिला घेऊ द्यावा.