भुईवरून उठता आलं पाहिजे

पन्नाशी झाली ना तुझी? मग ऐक. साखर कमी कर, तेल कमी कर, हे तुला नागपूरचे डॉक्टर सांगतीलच, मोबाईल तर रोज सकाळी सांगतोच. मोठी आई म्हणून मी एकच विचारते. सतरंजीवर मांडी घालून बस आणि भिंतीला, पलंगाला, स्वतःच्या गुडघ्याला हात न लावता उठून दाखव. जमलं तर चांगलंच. नाही जमलं तर म्हातारपणानं साठीची वाट पाहिली नाही असं समज आणि कामाला लाग.

हसू नको. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ अराउजो नावाच्या डॉक्टरांनी 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांची हीच परीक्षा घेतली होती. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला की एक कापायचा, गुडघा टेकला की आणखी एक, झोक गेला तर अर्धा. मग पुढं काही वर्षं त्या माणसांवर लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण कमी होते, त्यांच्यात मरणाचं प्रमाण जास्त निघालं. 2012 साली ते छापून आलं. आता यावरून उठबशा काढल्या की आयुष्य वाढतं, असा अर्थ काढू नको. पायातलं बळ, अंगाचा तोल, सांधे किती मोकळे आहेत, वजन किती वाढलं आहे, हे सगळं त्या एका उठण्यात दिसतं, एवढंच. जन्मभर शाळेत पेपर तपासले मी, पण इतकी बिनखर्चाची परीक्षा दुसरी पाहिली नाही.

इथं देवळीत, आपल्या गावात, मी इतकी म्हातारी माणसं पाहिली. शुगर निघाली, बीपी निघालं म्हणून कोणी लगेच परस्वाधीन झालं नाही. संडासातून एकट्यानं उठता येईना, त्या दिवसापासून झाले. मग सून नाहीतर मुलगा लागतो, मग लाज वाटते म्हणून माणूस पाणी कमी पितो, जेवण कमी करतो, आणि बाजेवर पडून राहतो. पडून राहिला की उरलेलं बळही जातं.

आपल्या घरातून भुई कधी सुटली ते आठव. गॅस आला तसा ओटा आला, मग टेबल, सोफा, कमोड. एकेक सोय चांगलीच होती. चुलीच्या धुरानं तुझ्या आजीला रात्र रात्र खोकला यायचा, निंदून निंदून बायकांच्या कमरा वाकायच्या; ते दिवस परत यावे असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या कामांबरोबर दिवसभराच्या उठबशाही गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. सकाळी अर्धा तास फिरून आलं की लोकांना वाटतं, झालं. फिरणं चांगलं, छातीला चांगलं, मनाला त्याहून चांगलं. पण सपाट डांबरी रस्त्यावर कितीही फिरलास तरी मांड्यांना अंगाचं ओझं खालून वर उचलायची सवय राहत नाही. ती वेगळी राखावी लागते.

म्हणून एक वेळचं जेवण भुईवर कर. तुरीच्या शेंगा सोलणं, भाजी निवडणं, विळीवर चिरणं, सगळं खाली बसून. आणि हे सुनेला सांगत नाही, तुला सांगते. पेपर वाचायलाही खालीच बस. दर वेळी उठशील तेव्हा हात खिशात आहेत असं समज. मात्र गुडघे झिजले असतील आणि डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली असेल, तर माझ्या बोलण्यावर हट्ट धरू नको. बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवायची, तिच्यावर बसायचं, हात छातीशी बांधायचे, उठायचं आणि सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. धपकन बसायचं नाही. खाली जाताना जितका वेळ लावशील तितकं काम मांड्यांना पडतं. गुडघा किंवा खुबा बदललेल्यानं तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय भुईवर बसूच नये.

पैलवानांच्या गावात राहून उठबशांचं हे मोल आम्हाला आधीच माहीत होतं. बाहेरची माणसं रामदास तडसांना माजी खासदार म्हणून ओळखतात, देवळीला ते त्याआधी कुस्तीतले विदर्भ केसरी म्हणून ठाऊक. आखाड्यातल्या पोट्ट्याचा दिवस जोर-बैठकांनीच सुरू होतो. तुझे मोठे बाबा काही पैलवान नव्हते, पण बैठका त्यांनी सत्तरीनंतरही सोडल्या नाहीत. दाराची चौकट धरून, अर्ध्याच वाकून, पण रोज. आखाड्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही, आणि मग पोट सुटतं.

उशीर झाला असं मात्र म्हणू नको, निदान वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं तरी. गांधीबापू 1936 साली सेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. सकाळ-संध्याकाळचं फिरणं चुकवत नसत, आणि भेटायला आलेल्याशी चालता चालताच बोलत. विनोबांचं तर आणखी. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, अंगानं किडकिडीत आणि पोटाच्या दुखण्यानं त्रासलेले. पुढं जे पायी निघाले ते गावोगाव फिरून 1964 साली पवनारला परतले, आणि त्यानंतर आणखी अठरा वर्षं जगले. तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा माणूस सुरुवात करत होता, हे ध्यानात घे.

बापूंची दुसरी गोष्ट मात्र लोक फारशी सांगत नाहीत. इतकं मोजून खाणारा, इतकं चालणारा माणूस, तरी रक्तदाब चढलेला असायचा. फेब्रुवारी 1940 मध्ये तो 220 वर 110 इतका नोंदलेला आहे. डोक्यावर आणि पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवून ते पडून राहत, कारण त्या काळी आजच्यासारखी औषधंच नव्हती. तुला आहेत. ‘मी भाकर-भाजी खातो, मला काय होतं’ असं जो म्हणतो, त्याला मी बापूंचा हा आकडा सांगते. बीपी दुखत नाही, म्हणून ते मोजावं लागतं. सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या सगळ्यांचं फुकट तपासतात, आशाताई घरी येऊन आठवण करते. तिला ‘नंतर ये’ म्हणू नको. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय भुईला टेकलेले, पाठ टेकलेली, चहा किंवा तंबाखू नुकतीच घेतलेली नको. आणि गोळी घेऊन आकडा बरोबर आला, म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच बरोबर आलेला असतो. आपल्या गल्लीत लकव्याची जी माणसं आहेत, त्यांच्यातल्या किती जणांनी गोळी आपल्या मनानं सोडली होती, ते त्यांच्या बायकांना विचार.

आता खाण्याचं. म्हातारी माणसं कमी खातात, हलकं खातात, आणि घरचे कौतुक करतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. खरं कारण बहुतेक वेळा तोंडात असतं. दात गेले की भाकर सुटते, भाकर सुटली की भाजी आणि डाळही सुटते, राहतो तो चहा आणि टोस्ट. टोस्टानं पोट भरतं, मांड्या भरत नाहीत. म्हणून हलणारा दात वेळेवर दाखव, आणि गेलेच दात तर कवळी बसवून घे. कार्यापुरती घालून डबीत ठेवायला नव्हे. तोवर भाकर वरणात कुस्कर, कण्या शिजव, चून पातळ कर.

वरणाबद्दल तर मला बोलायचंच आहे. आपल्या वावरात तूर पिकते आणि ताटात वरण असं पातळ की वाटीचा तळ दिसतो. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम तरी लागतात. दोन्ही वेळा घट्ट वरण, मधे मूठभर फुटाणे, एक वाटी दही, चालत असेल त्याला अंडं. किडनीचं दुखणं असेल तर डॉक्टर सांगेल तेवढंच. सोयाबीनची तर मला गंमतच वाटते. वर्ध्याचा कास्तकार पोतीच्या पोती पिकवतो, बाजार समितीत नेतो, आणि स्वतःच्या घरात एक दाणा ठेवत नाही. त्यात शंभरात चाळीसच्या जवळ प्रथिनं. पण कच्चं दळायचं नाही, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं, कडक उन्हात वाळवायचं, मग नऊ किलो गव्हात एक किलो. आणि पेरणीचं उरलेलं, औषध लावलेलं बियाणं चुकूनही घरातल्या डब्यात जाऊ द्यायचं नाही. जवसाची चटणी रोज असू दे, पण जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं जसं जातं तसंच बाहेर येतं. तिखट ठेच्याला माझी हरकत नाही. हरकत लोणच्याच्या आणि पापडाच्या मिठाला आहे.

खर्रा. याच्याबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटणं चालूच आहे. ‘कामात तरतरी येते’ म्हणतोस. येत असेल. पण सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल डाग, जखम पंधरा दिवसांत भरली नसेल, तर सावंगीच्या दंत महाविद्यालयात जाऊन दाखव. वाट पाहायची नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहानच नीट लागत नाही. तहान लागल्यावर पिईन, असं त्यानं म्हणायचं नसतं. घड्याळ पाहून प्यायचं. दहाच्या आत बाहेरची कामं, डोक्याला दुपट्टा, घरी ताक, कैरीचं पन्हं. शुगरवाल्यानं पन्ह्यात गूळ नाही घालायचा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजायचं. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेव बाप्पा, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला वावरात जाऊ नको. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. उन्हाळ्यात उठताना गरगरलं तर डॉक्टरला सांगायचं, तो मात्रा बदलतो.

गरगरण्यावरून आठवलं. माणसं रस्त्यावर कमी पडतात, घरात जास्त, आणि तेही कितीदा रात्री लघवीला उठताना. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यापुढं अंधारी येते. आधी कुशीवर वळ, मग पाय खाली सोडून बस, वीसपर्यंत मोज, मग उठ. बाज फार खोल असेल तर बदल. संडासाच्या वाटेवर बारीक दिवा रात्रभर जळू दे, दोन रुपयांच्या विजेसाठी खुबा मोडून घेऊ नको. मागून पट्टा नसलेली घसरती चप्पल फेक. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी पक्की ठोकून घे. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचे दिवस गेले. दिसायला अडचण व्हायला लागली की करून घे. झोपेची गोळी दुसऱ्याच्या डबीतून कधी घ्यायची नाही. आणि दात घासताना एका पायावर उभा राहत जा, एक हात भिंतीजवळ ठेवून. दहापर्यंत मोजता येईस्तोवर.

राहता राहिली सोबत. मी संध्याकाळी मिरणनाथ महाराजांच्या मंदिरापर्यंत जाते. देवासाठी जाते, खोटं नाही, पण तिथं चार बायका भेटतात म्हणूनही जाते. तुझे मोठे बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बसायचे. खंजिरीच्या ठेक्यावर तासभर गायचं म्हणजे छातीचा व्यायाम, आणि सगळी बैठक सतरंजीवर. नागपूरला तुझ्या कॉलनीत भजन नसेल तर पत्ते खेळ, वाचनालयात जा, काहीही कर, पण घराबाहेर चार माणसांत बस.

त्यात आडवा येतो तो कान. भजनातले एक जण हळूहळू यायचे बंद झाले. सगळ्यांना वाटलं तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती. लोक काय बोलतात ते कळेना, भलत्याच ठिकाणी हसू यायचं, म्हणून त्यांना नकोसं झालं होतं. चष्म्याची लाज कोणाला वाटत नाही, कानाच्या यंत्राची का वाटावी? तुझी बायको टीव्हीचा आवाज कमी कर म्हणते आणि तू ‘ऐकूच येत नाही’ म्हणतोस ना, तिथूनच सुरुवात होते. आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरकडून पाहून घे, काडी घालू नको. मळ नसेल तर तपासणी कर. यंत्र लागलंच तर पहिले काही आठवडे सगळंच कर्कश वाटतं, पंख्याचा आवाजसुद्धा; कंटाळून कपाटात ठेवायचं नाही, रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा. रात्री काढून कोरड्या डबीत ठेवायचं, कारण आपल्याकडच्या घामानं ते खराब होतं.